गेस्ट काढले, तिमाहीने परत हजर: शेअरपॉइंटवरचे बाहेरचे शेअरिंग पुन्हापुन्हा का उगवते

तक्रार नेहमीची आहे. ऑडिट जवळ आले की आयटीवाला शेअरपॉइंटवर (कंपनीच्या फाइली ठेवण्याची आणि वाटण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) प्रवेश असलेल्या बाहेरच्या लोकांची, म्हणजे गेस्ट खात्यांची, यादी काढतो. जुने सप्लायर, काम संपवून गेलेले कन्सल्टंट, कुणाचा कोण हे कोणालाच आठवत नाही अशी जीमेलची खाती, सगळी उडवतो आणि 'क्लीनअप पूर्ण' असा मेल वर पाठवतो. तीन महिन्यांनी यादी काढावी तर ये रे माझ्या मागल्या. निम्मी नावे तीच, उरलेली नवी, आणि यादीत अजिबात नसलेली माणसेसुद्धा फाइली उघडताहेत.

मी चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे हे काम बघतो. आमच्याकडे हा प्रकार एका फोनमुळे उघडा पडला. जॉबवर्क करणाऱ्या एका व्हेंडरने डिझाइनमधल्या माणसाला विचारले, "साहेब, रेव्हिजन सी आलंय ना, मटेरियल कापायला घेऊ का?" रेव्हिजन सी, म्हणजे ड्रॉइंगची नवी आवृत्ती, आमच्याच क्वालिटी विभागाने अजून पास केले नव्हते. आणि त्या व्हेंडरचे गेस्ट खाते मी स्वतः दीड महिन्यापूर्वी डिलीट केले होते. बिचारा चोरीबिरी काही करत नव्हता. कधीकाळी कोटेशनसाठी कोणीतरी त्याला व्हॉट्सॲपवर एका फोल्डरची लिंक पाठवली होती, ती तो अजून वापरत होता. त्या फोल्डरमध्ये नंतर जे जे पडत गेले ते ते त्याला दिसत गेले.

म्हणजे मी एवढे दिवस आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी करत होतो. गेस्टची यादी साफ करत होतो, आणि गळती यादीत नव्हतीच.

माणूस कुठल्या दाराने येतोय?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढचे काही करू नका. बाहेरचा माणूस आत येण्याची दारे एकाहून जास्त आहेत आणि एक बंद केले म्हणून दुसरे बंद होत नाही.

पहिले दार टीम्सचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चॅट आणि मीटिंगच्या ॲपचे. एखाद्या टीममध्ये गेस्ट म्हणून घेतले की तो त्या टीममागच्या ग्रुपचा सदस्य होतो आणि टीमची साइट (शेअरपॉइंटवरची तिची फाइलींची जागा) त्याला आपोआप उघडते. दुसरे, थेट परवानगी: साइटवर, फोल्डरवर किंवा एकट्या फाइलवर त्याचे नाव घालून दिलेली. इथे बरेच जण फसतात. टीममधून माणूस काढला की ग्रुपमार्फत मिळालेला प्रवेश जातो, पण मधल्या काळात कुणी एखादी एक्सेल त्याच्या नावाने वेगळी शेअर केली असेल तर ती तशीच राहते. साइटच्या परवानग्यांमध्ये 'चेक परमिशन्स' करून त्याचे नाव घातले आणि समोर 'लिमिटेड ॲक्सेस' दिसले, तर समजा की आत कुठेतरी एखादी वस्तू त्याला स्वतंत्रपणे दिलेली आहे.

तिसरे दार लिंकचे. त्यातली 'स्पेसिफिक पीपल' प्रकारची लिंक ठरावीक माणसांनाच चालते, पुढे फॉरवर्ड केली तर इतरांना उपयोग नाही. 'एनीवन' प्रकारच्या लिंकला मात्र खाते लागत नाही, पासवर्ड लागत नाही. लिंक ज्याच्या हातात, फाइल त्याची. अशा माणसाचे गेस्ट खातेच नसते, मग यादीत दिसणार कसा? आमचा व्हेंडर याच दाराने येत होता. त्याचे खाते ज्या दुसऱ्या कामासाठी बनले होते ते मी काढले, त्याला कळलेसुद्धा नाही.

चौथे दार तुलनेने नवे आहे, टीम्सच्या शेअर्ड चॅनेलचे. दुसऱ्या कंपनीच्या टेनंटशी (तिच्या स्वतंत्र मायक्रोसॉफ्ट खात्याशी) थेट जोडणी करून तिथली माणसे या चॅनेलमध्ये येतात, त्यांचे गेस्ट खाते आपल्या एंट्रा डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टमधली आपल्या खात्यांची यादी) बनतच नाही. शिवाय प्रायव्हेट आणि शेअर्ड चॅनेलची साइट मुख्य टीमच्या साइटहून वेगळी असते. शेअरपॉइंटच्या ॲडमिन सेंटरमध्ये 'ॲक्टिव्ह साइट्स' बघताना मूळ साइटखालच्या चॅनेल साइट उघडून पाहिल्या नाहीत तर त्या हमखास सुटतात. माझ्या पहिल्या दोन तपासण्यांत त्या सुटल्याच होत्या.

रिपोर्ट काढताना

साइटच्या गिअरमधून 'साइट युसेज'मध्ये जा. खाली बाहेरच्या लोकांशी शेअर केलेल्या गोष्टींचा भाग आहे, तिथे 'रन रिपोर्ट'. सीएसव्ही फाइल बनते. साइटचे ॲडमिन असाल तरच हे जमते. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची ते साइट विचारते, आणि इथे एक गंमत होते: लोक घाईत साइटच्याच कॉमन लायब्ररीत ठेवतात. त्या फाइलमध्ये कोणती गोष्ट कोणाला दिली आहे याचा ईमेल पत्त्यांसकट सगळा पाढा असतो आणि तो मग साइटवरच्या प्रत्येकाला वाचता येतो. आधी आपल्यापुरता बंद फोल्डर बनवा, मग रिपोर्ट काढा.

एक्सेलमध्ये उघडल्यावर लिंकच्या प्रकाराच्या कॉलमवर फिल्टर लावा आणि 'एनीवन'वाल्या ओळी वेगळ्या करा. त्यातही 'आयटम टाइप' फोल्डर असलेल्या ओळी सर्वांत आधी. एका फाइलची लिंक म्हणजे एक फाइल. फोल्डरची लिंक म्हणजे आज आत असलेले सगळे, शिवाय उद्या जे पडेल तेही. रिपोर्टमध्ये शेअरपॉइंट ग्रुपचे नाव येते, आतली माणसे येत नाहीत, त्यामुळे ग्रुप हाताने उघडून बघावे लागतात. वनड्राइव्हसाठी (प्रत्येक कर्मचाऱ्याची स्वतःची फाइलींची जागा) असाच रिपोर्ट प्रत्येकाच्या सेटिंग्जमध्ये निघतो. मॅनेजमेंटला वनड्राइव्ह हा खासगी कोपरा वाटतो, पण डिझाइनची अर्धी ड्रॉइंग तिथूनच बाहेर जातात असा माझा अनुभव आहे.

सोडून गेलेल्या माणसाचे वनड्राइव्ह विसरू नका. खाते डिलीट केल्यावरही ते ठरावीक काळ टिकते. मूळ सेटिंग 30 दिवसांचे आहे, पण अनेक ठिकाणी कोणीतरी ते वर्षावर नेऊन ठेवलेले असते. 2025 पासून लायसन्स काढलेले वनड्राइव्ह 93 दिवसांनी अर्काइव्हमध्ये जाऊन बंद होते, पण तोपर्यंत त्याने शेअर केलेल्या गोष्टी इतरांना उघडत राहतात. माणूस फुल अँड फायनल घेऊन गेला, त्याच्या लिंका ड्युटीवरच.

साइट थोड्या असतील तर हे सगळे हाताने होते. शेकड्यांनी असतील तर पॉवरशेलने (कमांड लिहून काम करण्याचे साधन) सगळ्या साइटचे शेअरिंग सेटिंग एका दमात काढा आणि ज्या साइट 'एनीवन'ला मोकळ्या आहेत तेवढ्यांचेच रिपोर्ट आधी चालवा. शेअरपॉइंट ॲडव्हान्स्ड मॅनेजमेंटचे किंवा एंट्राच्या ॲक्सेस रिव्ह्यूचे लायसन्स असेल तर बरीच हमाली वाचते. आमच्याकडे नव्हते, म्हणून मी इथे हमालीच सांगतोय.

उडवलेले परत का येते

याची तीन कारणे मला सापडली. तिसरे कळायला वर्ष गेले.

पहिले कारण म्हणजे 'तात्पुरते बंद करू' हा उपाय. ऑडिटर येणार म्हणून कोणीतरी पूर्ण कंपनीचे बाहेरचे शेअरिंग बंद करतो. लिंका चालेनाशा होतात, सगळे खूश. ऑडिटर गेला, खरेदी विभागाने आरडाओरडा केला, शेअरिंग पुन्हा चालू. त्या क्षणी आधी ज्यांना प्रवेश होता त्यांना तो परत मिळतो. बटण बंद केल्याने लिंका आणि परवानग्या पुसल्या जात नाहीत, फक्त झोपतात. पुन्हा चालू करायचेच असेल तर त्याआधी ज्या साइटवर बाहेरचे लोक नकोत त्या एकेक करून साइटच्या पातळीवर बंद करा, उरलेल्यांमधल्या जुन्या लिंका काढा, आणि मगच वरचे बटण दाबा.

दुसरे कारण मुदतीचे. गेस्टचा प्रवेश इतक्या दिवसांनी आपोआप संपेल अशी सोय शेअरिंगच्या पानावर आहे, 30 पासून 730 दिवसांपर्यंत आकडा घालता येतो. मी 60 घातला आणि निश्चिंत झालो. पण ही मुदत लागते ती सेटिंग चालू केल्यानंतर ज्यांना प्रवेश दिला त्यांना. आधीपासून आत असलेल्यांना ती शिवत नाही. म्हणजे ज्या जुन्या खोडांसाठी ही सोय केली त्यांनाच ती लागू नाही. त्यांना एकदा हाताने काढून, जे खरेच लागतात त्यांना पुन्हा शेअर करावे लागते. 'एनीवन' लिंकच्या मुदतीचे गणित वेगळे आहे. तिथे नवी मुदत जुन्या लिंकच्या उरलेल्या मुदतीपेक्षा कमी असेल तर जुन्या लिंकही नव्या आकड्यावर येतात. जास्त असेल तर त्या आपल्या जुन्या तारखेलाच संपतात. नावे सारखी, वागणे वेगळे, म्हणून दोन्ही आकडे घालताना दोनदा वाचा.

आता तिसरे कारण. कामाचा माणूस यादीत नीट ओळखला न गेल्यामुळे आपण त्याचेही गेस्ट खाते उडवतो. दोन दिवसांनी त्याचा फोन येतो, आपण त्याच ईमेलला पुन्हा आमंत्रण पाठवतो. तो आमंत्रण स्वीकारतो, परवानगीही दिलेली दिसते, आणि तरी साइटवर 'ॲक्सेस डिनाइड'. कारण एंट्रामध्ये नवे खाते नव्या ओळख क्रमांकाने बनले, पण साइटच्या पोटातल्या युजर यादीत त्याच ईमेलची जुनी नोंद जुन्या क्रमांकाने बसलेली आहे. दोन्ही जुळत नाहीत. आता तो गिऱ्हाइकाचा इंजिनिअर असेल आणि संध्याकाळपर्यंत त्याला पीपॅपची (नवा भाग मंजूर करून घेण्याची) कागदपत्रे हवी असतील, तर प्रोजेक्टवाला काय करणार? आयटीला तिकीट टाकून बसत नाही. 'एनीवन' लिंक बनवतो आणि मोकळा होतो. उघडतेय ना, झाले काम.

ऑडिट लॉगमध्ये (कोणी काय केले याच्या नोंदी) मी निनावी, म्हणजे 'एनीवन', लिंका कधी बनल्या ते तारखेवार लावून बघितले तेव्हा प्रत्येक मोठ्या साफसफाईनंतरच्या आठवड्यात त्यांची रांग दिसली. म्हणजे माझी साफसफाईच घाण करत होती.

यावरचा इलाज असा. पुन्हा आमंत्रण देण्याआधी त्या साइटच्या युजर यादीतून जुनी नोंद काढा. ते पान साइटच्या मेन्यूत दिसत नाही. साइट परमिशन्समधल्या कोणत्याही ग्रुपचे पान उघडून वरच्या पत्त्यातला 'मेंबरशिप ग्रुप आयडी' शून्य केला की सगळे युजर दिसतात. तिथून जुने नाव डिलीट करायचे आणि मग नव्याने शेअर करायचे. मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमधल्या मदतीच्या चौकटीत या गोंधळासाठी तयार चाचणीही आहे. त्याहून बरे म्हणजे खाते डिलीट करण्याऐवजी आधी साइन-इन ब्लॉक करा आणि महिनाभर थांबा. ओरड झाली तर ब्लॉक काढला की तोच क्रमांक, तोच प्रवेश, भांडण नाही. चुकून डिलीट झालेच असेल तर 30 दिवसांच्या आत एंट्राच्या डिलीटेड युजर्समधून ते परत आणता येते. तसे आणलेले खाते जुन्याच क्रमांकाने येते, त्यामुळे पुन्हा आमंत्रण पाठवण्यापेक्षा ते कधीही चांगले.

आधी वरचा नळ

साइटवार साफसफाईला बसण्याआधी शेअरपॉइंट ॲडमिन सेंटरच्या 'पॉलिसीज'मधल्या शेअरिंग पानावर जा. वर सरकवायच्या दोन पट्ट्या आहेत, एक शेअरपॉइंटची, एक वनड्राइव्हची. वनड्राइव्हची पट्टी शेअरपॉइंटपेक्षा जास्त मोकळी करता येत नाही, आणि कोणतीही साइट कंपनीच्या पट्टीपेक्षा मोकळी होत नाही. आम्ही वरची पट्टी 'न्यू अँड एक्झिस्टिंग गेस्ट्स'वर आणली. 'एक्झिस्टिंग गेस्ट्स'पर्यंत खाली न्यावी असा आग्रह होता, पण मग प्रत्येक नव्या व्हेंडरसाठी आयटीच्या दारात रांग लागते आणि रांग लागली की लोक खासगी गूगल ड्राइव्हवर जातात. तिकडे काय चालते ते बघायला माझ्याकडे रिपोर्ट नाही.

पट्टीपेक्षाही महत्त्वाचे सेटिंग त्याच पानावर खाली आहे: शेअरचे बटण दाबल्यावर आधीच निवडून येणारा लिंकचा प्रकार. बहुतेक माणसे तो कधी बदलत नाहीत. समोर जे आले ते कॉपी करून पाठवतात. तिथे 'स्पेसिफिक पीपल' ठेवा आणि परवानगी 'व्ह्यू'. एवढ्या एका बदलाने आमच्याकडे जेवढा फरक पडला तेवढा वर्षभराच्या 'कृपया लिंक शेअर करताना काळजी घ्या' मेलांनी पडला नव्हता.

तिथेच एक छोटी चौकट आहे: गेस्टना त्यांच्या मालकीच्या नसलेल्या गोष्टी शेअर करू द्यायच्या का. टिक असेल तर काढा. नाहीतर आपण व्हेंडरला देतो, व्हेंडर त्याच्या सब-व्हेंडरला, आणि भोसरीतल्या कुठल्या शेडमध्ये आपले ड्रॉइंग भिंतीला चिकटलेय याचा पत्ता लागत नाही.

साइटच्या मालकाला काय विचारायचे

साइटच्या मालकाला 'तुमच्या साइटवरील गेस्ट तपासून कळवावे' असा मेल पाठवू नका. उत्तर ठरलेले आहे: 'ऑल ओके'. मी तसे मेल पाठवून थकलो. आता प्रत्येकाला त्याच्या साइटपुरती छोटी यादी देतो आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: हा कोणत्या तारखेपर्यंत लागेल? तारीख लिहायची म्हटली की माणूस विचार करतो. 'हा कोण?' असे विचारणारे फोन येतात, ती नावे लगेच ब्लॉक. आठ दिवसांत उत्तर नाही तर तीही ब्लॉक, आणि हे मेलच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असते. पहिल्या वेळी दोन विभागप्रमुख रागावले. दुसऱ्या वेळी तारखा मुदतीत आल्या.

ज्या साइटचा मालकच कंपनी सोडून गेलाय त्या वेगळ्या काढा. तिथे उत्तर द्यायला कोणी नाही, आणि सर्वांत जुने गेस्ट नेमके तिथेच सापडतात. आमंत्रण पाठवून कधीच न स्वीकारलेली खातीही एंट्रामध्ये वेगळी दिसतात. ती कुणालाही न विचारता काढायला हरकत नाही.

ड्रॉइंग बाहेर जाणे हे आपले नुकसान. पण पगाराचे काम बाहेरच्या कन्सल्टंटकडे असेल तर त्याच्याशी शेअर केलेला एचआरचा फोल्डर एकदा उघडून बघा. आधार कार्डे, रद्द केलेले चेक, नॉमिनीची नावे. हा डेटा कामगारांचा आहे, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. विभागप्रमुख ऐकत नसतील तर हा आकडा कामी येतो. मी वापरला आहे.

कोणी उघडली, हे विचारले गेले तर

पर्व्ह्यूच्या (मायक्रोसॉफ्टचे नोंदी आणि नियमपालनाचे साधन) ऑडिट लॉगमध्ये निनावी लिंक बनल्याची आणि वापरली गेल्याची नोंद वेगवेगळी मिळते. पण निनावी लिंकने उघडणाऱ्याचे नाव नसते, आयपी पत्ता आणि वेळ एवढेच. नेहमीच्या लायसन्सवर या नोंदी 180 दिवस टिकतात, त्याआधीचे काही मिळणार नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल 2022 च्या निर्देशांतही लॉग 180 दिवस जपायला सांगितले आहेत, म्हणजे तुमच्या हातात नेमका काठावरचा आकडा आहे. मी दर तीन महिन्यांच्या तपासणीतच लॉग काढून बाजूला ठेवतो. आमच्या त्या व्हेंडरच्या फोल्डरच्या बाबतीत ती लिंक मुळात कोणी, कधी बनवली हे लॉगमधून कळले नाही, कारण ती त्याहून फार जुनी होती.

लिंक काढताना फोल्डरच्या 'मॅनेज ॲक्सेस'मध्ये लिंकांच्या टॅबवर जाऊन ती डिलीट करा. पण फोल्डरची लिंक काढली म्हणून आतल्या ज्या फाइलची वेगळी लिंक आहे ती जात नाही. तिची ओळ रिपोर्टमध्ये स्वतंत्र असते, म्हणून काढल्यावर रिपोर्ट पुन्हा चालवा आणि आधीच्याशी लावून बघा.

शेवटची चाचणी फोनवर घ्या. वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी, आणि त्यात जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपमधली लिंक पेस्ट करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर करू नका, तिथे तुम्ही लॉगिन असता आणि काहीही उघडते. लॉगिनचे पान किंवा 'लिंक काढून टाकली आहे' असा संदेश आला तर निनावी माणसापुरती ती लिंक मेली. वरची पट्टी खाली आणण्याआधी मी हे केले तेव्हा पाच जुन्या लिंकांपैकी चार मेल्या होत्या. पाचवीने एक जुनी किंमतपत्रिका उघडून दाखवली, एका सोडून गेलेल्या माणसाच्या वनड्राइव्हमधून.